आधी 'क्ष म्हणजे काय' ते लिहा, मग सूत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या गणितात संभाव्यता वितरण आणि बायनॉमियल वितरण (ठरलेल्या प्रयत्नांत किती वेळा यश येईल याच्या संभाव्यता) ही प्रकरणे हमखास गुणांची मानली जातात. वाणिज्य शाखेला त्यात पॉयसन वितरणाची (ठरावीक काळात एखादी घटना किती वेळा घडेल याच्या संभाव्यता) भर असते. बहुतेक क्लासमध्ये ती शेवटी उरकली जातात: एक तक्ता, तीन-चार सूत्रे, दहा सोडवलेली उदाहरणे, झाले. गुण मिळतातही, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. मुले पहिल्याच ओळीत 'प्रयत्न १०, यशाची संभाव्यता १/४' असे लिहून सूत्रावर झेप घेतात आणि ज्याच्याबद्दल हे सगळे गणित चालले आहे तो चल उत्तरात कुठेच सांगितलेला नसतो. वर्गात त्याला 'एक्स' म्हणतात, इथे आम्ही 'क्ष' लिहितो. उत्तरे चुकतात ती बहुतेक इथेच. आकडेमोड नंतरची गोष्ट.

रँडम व्हेरिएबल, म्हणजे यादृच्छिक चल, हा समीकरण सोडवून शोधायचा अज्ञात आकडा नव्हे. तो एक नियम आहे: प्रयोगातून जे जे निष्पन्न होऊ शकते त्या प्रत्येकाला एक संख्या नेमून द्यायची. नियम बदलला की त्याच प्रयोगातून दुसरा चल तयार होतो. म्हणून पहिली ओळ पूर्ण वाक्यात हवी. काय मोजतो आहोत, कोणत्या एककात, आणि कोणकोणत्या किमती संभवतात, हे तिन्ही त्यात यायला हवे.

मुलांच्या जिव्हाळ्याचेच उदाहरण घेऊ. जेईई मेनमध्ये चार पर्यायांच्या प्रश्नाला बरोबर उत्तराचे ४ गुण मिळतात आणि चुकल्यास १ गुण वजा होतो. एखाद्याने १० प्रश्नांची उत्तरे काहीही न वाचता ठोकून दिली. इथे क्ष = बरोबर आलेल्या उत्तरांची संख्या असे घेतले तर किमती ० ते १० आणि वितरण सरळ बायनॉमियल. पण ग = या दहा प्रश्नांत मिळालेले एकूण गुण असे घेतले तर किमती −१०, −५, ०, ५ अशा पाच-पाचच्या अंतराने ४० पर्यंत जातात. ग बायनॉमियल नाही. त्याचा क्षशी संबंध मात्र सोपा आहे: ग = ५क्ष − १०. ज्याने पहिली ओळ लिहिली नाही तो बायनॉमियलचे सूत्र थेट गुणांना लावतो आणि '५ गुण मिळण्याची संभाव्यता' काढताना पाच बरोबर उत्तरांची काढून मोकळा होतो. ५ गुण म्हणजे तीनच बरोबर उत्तरे.

आता सरासरी. क्षचे अपेक्षित मूल्य १० × १/४ = २.५, व्हेरियन्स (किमती सरासरीभोवती किती पसरतात याचे वर्गातले माप) १० × १/४ × ३/४ = १.८७५. गुणांचे अपेक्षित मूल्य ५ × २.५ − १० = २.५. इथवर सगळे बरोबर करतात. पुढे गुणांचा व्हेरियन्स काढताना कोणी ५ ने गुणतो, कोणी १० वजा करतो. दोन्ही चूक. ठरावीक संख्या मिळवल्याने किंवा वजा केल्याने वितरण नुसते सरकते, पसरत नाही, तेव्हा १० चा काही परिणाम नाही. आणि व्हेरियन्स वर्गात मोजला जात असल्याने गुणायचे ते ५ च्या वर्गाने: २५ × १.८७५ = ४६.८७५. प्रमाण विचलन, म्हणजे त्याचे वर्गमूळ, सुमारे ६.८५ गुण. सरासरी अडीच आणि पसारा जवळजवळ सात! एकूण गुण उणे जाण्यासाठी दोनपेक्षा कमी उत्तरे बरोबर यावी लागतात. त्याची संभाव्यता ०.०५६३ + ०.१८७७ = ०.२४४०. म्हणजे निव्वळ अंदाजाने सरासरी फायदा होतो हे खरे, पण सुमारे चारातल्या एका परीक्षार्थीचा तोटाही होतो. 'निगेटिव्ह मार्किंग आहे म्हणजे अंदाज नुकसानीचाच' हे सर्रास ऐकू येणारे विधान या दोन आकड्यांसमोर टिकत नाही. अंदाजाने सरासरी शून्य यावी असे वाटत असेल तर चुकीच्या उत्तराला १ नव्हे, १ पूर्णांक १/३ गुण कापावा लागेल. (एमएचटी-सीईटीत वजा गुण नाहीतच. तिथे प्रश्न कोरा सोडण्याला कोणतेच गणित साथ देत नाही.)

२.५ बरोबर उत्तरे कोणालाच मिळणार नाहीत, तरी अपेक्षित मूल्य २.५ आहे. काही मुले ते 'पूर्णांकात' आणून ३ लिहितात. तसे करू नये. अपेक्षित मूल्य ही दीर्घकालीन सरासरी असते, ती चलाच्या किमतींपैकी एक असलीच पाहिजे असे नाही. मात्र ती सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या किमतीच्या बाहेर गेली तर नक्की काहीतरी चुकले आहे. व्हेरियन्स ऋण आला तरी तसेच. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायचा असताना किमतींऐवजी संभाव्यतांचेच वर्ग घेणे. संभाव्यता 'क' या अज्ञात संख्येत दिलेल्या तक्त्यात 'क' शोधायचे परिचित उदाहरणही याच जातीचे. बेरीज १ ठेवली की १०क² + ९क − १ = ० येते, उत्तरे १/१० आणि −१. दोन्ही लिहून थांबणाऱ्याने संभाव्यता ऋण होत नाही ही साधी गोष्ट तपासलेली नसते.

बायनॉमियलकडे वळू, कारण सर्वांत जास्त गफलत तिथे आहे. अटी चार: प्रयत्नांची संख्या आधीच ठरलेली, प्रत्येक प्रयत्नाचे दोनच निकाल, यशाची संभाव्यता प्रत्येक वेळी तीच, आणि प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र. पाठ सगळ्यांना असतात. वापरून कोणी पाहत नाही.

क्रॉफर्ड मार्केटमधून डझनभर हापूसची पेटी आणली. समजा १२ पैकी ३ आंबे आतून खराब आहेत, वरून ओळखू येत नाहीत. चार आंबे काढून कापले. क्ष = कापलेल्या चार आंब्यांतील खराब आंब्यांची संख्या. 'प्रयत्न ४, संभाव्यता १/४' म्हणून बायनॉमियल लावले तर एकही खराब न निघण्याची संभाव्यता (३/४) चा चौथा घात, ८१/२५६ म्हणजे ०.३१६४. पण कापलेला आंबा पेटीत परत जात नाही. पहिला चांगला निघाला की उरलेल्या ११ मध्ये खराब ३, म्हणजे संभाव्यता १/४ राहत नाही, ३/११ होते. खरे उत्तर निवडींच्या मोजणीतून येते: चांगल्या ९ मधून ४ निवडण्याचे १२६ प्रकार, एकूण १२ मधून ४ निवडण्याचे ४९५. १२६/४९५ = ०.२५४५. फरक ०.०६ हून जास्त आहे, तेव्हा तो 'दशांशातला फरक' म्हणून सोडता येत नाही. आणि चूक उघडी पडते ती शेवटच्या रकान्यात. चारही आंबे खराब निघण्याची संभाव्यता बायनॉमियल १/२५६ सांगते. पेटीत खराब आंबे तीनच आहेत! किमती ० ते ३ असे पहिल्या ओळीत लिहिले असते तर हे तिथेच लक्षात आले असते.

दोन्ही वितरणे शेजारी मांडून पाहावीत. खरे वितरण ०, १, २, ३ साठी अनुक्रमे १२६, २५२, १०८, ९ भागिले ४९५. बायनॉमियल ० ते ४ साठी ८१, १०८, ५४, १२, १ भागिले २५६. अपेक्षित मूल्य दोन्हींचे बरोबर १ येते. व्हेरियन्स मात्र एकाचा ०.७५ आणि दुसऱ्याचा सुमारे ०.५५. म्हणूनच फक्त सरासरी विचारणाऱ्या प्रश्नात ही चूक पकडली जात नाही. सरासरींची बेरीज करायला प्रयत्न स्वतंत्र असावे लागत नाहीत. व्हेरियन्सची बेरीज करायला मात्र ते लागते. पुस्तकात हे एका ओळीत उरकलेले असले तरी शिकवताना यावर एक अख्खा तास घालवावा.

मग बायनॉमियल वापरायचेच नाही का? वापरायचे. तीच चार आंब्यांची निवड १२०० आंब्यांच्या ढिगातून केली आणि त्यात ३०० खराब असले, तर एकही खराब न निघण्याची संभाव्यता ०.३१५९ येते. ०.३१६४ च्या इतकी जवळ की सूत्र खुशाल लावावे. व्यवहारातला ठोकताळा असा: नमुना एकूण मालाच्या दहाव्या हिश्शाहून कमी असेल तर 'परत न ठेवता' काढण्याने फारसे बिघडत नाही. बाराच्या पेटीतून चार हा तिसरा हिस्सा झाला.

पावसाकडे पाहिले की हेच सगळे मोठ्या अक्षरांत दिसते आणि इथे थोडी जबाबदारी वृत्तपत्रांचीही आहे. 'मुंबईत काल अमुक मिलिमीटर पाऊस' हे वाक्य चलाची व्याख्या म्हणून अपुरे आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत की सांताक्रूझच्या? कोणत्या चोवीस तासांत? हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. २६ जुलै २००५ चा ९४४ मि.मी. हा आकडा सांताक्रूझचा, २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पाऊस नव्हता. एकच शहर, एकच दिवस, पण चल दोन आणि किमतींत नऊ पटींहून जास्त फरक.

आता क्ष = सांताक्रूझ वेधशाळेत जुलै महिन्यात ६४.५ मि.मी. किंवा त्याहून जास्त पाऊस झालेले दिवस, किमती ० ते ३१. ६४.५ ही मर्यादा हवामान खात्याचीच आहे, तिथून पुढचा पाऊस 'जोरदार' धरतात. प्रयत्न ३१, निकाल दोनच, म्हणजे बायनॉमियल? स्वातंत्र्याची अट इथे मोडते. कमी दाबाचे क्षेत्र किंवा किनाऱ्यालगतची द्रोणीय स्थिती एका दिवसात विरत नाही. आज धो धो पडला असेल तर उद्याही पडण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते, आणि खंड पडला तर तोही आठवडाभर चालू शकतो. सरासरी आंब्यांप्रमाणेच इथेही बिघडत नाही, पण व्हेरियन्सची चूक यावेळी उलट्या दिशेने होते. आंब्यात खरा पसारा सूत्राहून कमी होता, पावसात तो सूत्राहून जास्त असतो. असे दिवस जवळजवळ नसलेला जुलै आणि असे दिवस ओळीने आलेला जुलै, दोन्ही बायनॉमियलच्या हिशेबापेक्षा अधिक वेळा दिसतात.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस' हा शब्दप्रयोग तर बायनॉमियलचा अभ्यास म्हणूनच द्यावा. त्याचा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तसा पाऊस होण्याची संभाव्यता १/१०० आहे. एकदा झाला की शंभर वर्षे सुट्टी, असा नाही. वेगवेगळी वर्षे बऱ्याच अंशी स्वतंत्र धरता येतात, म्हणून इथे सूत्र चालते. १०० वर्षांत एकदाही न होण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, ०.३६६०. बरोबर एकदा होण्याची ०.३६९७. दोन किंवा अधिक वेळा होण्याची उरलेली ०.२६४२, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. वाणिज्य शाखेच्या मुलांनी हेच सरासरी १ धरून पॉयसनने काढून पाहावे: ०.३६७९, ०.३६७९ आणि ०.२६४२. तीस वर्षांच्या गृहकर्जावर तळमजल्याचे घर घेणाऱ्याला कर्ज फिटेपर्यंत असा पाऊस किमान एकदा गाठण्याची संभाव्यता १ − ०.९९ चा तिसावा घात = २६ टक्के. अर्थात ती १/१०० मागच्या नोंदींवरून काढलेली असते. हवामान बदलत असेल तर 'यशाची संभाव्यता प्रत्येक वेळी तीच' ही तिसरी अटही डळमळते. बातमीत 'शंभर वर्षांतून एकदा' ऐवजी 'कोणत्याही एका वर्षी एक टक्का' असे छापले आणि सोबत वेधशाळेचे नाव व वेळ दिली, तर वाचकांचा आणि आमच्या विद्यार्थ्यांचाही फायदा होईल.

पॉयसनची परीक्षा घ्यायला एक हुकमी खूण आहे: त्याची सरासरी आणि व्हेरियन्स सारखेच असतात. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची बोर्टकेविचने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी यासाठी अजून उत्तम आहे. दर तुकडीमागे दर वर्षी किती मृत्यू, अशा २०० नोंदी. एकही मृत्यू नाही अशा १०९, एक ६५, दोन २२, तीन ३, चार १. सरासरी ०.६१ आणि व्हेरियन्स ०.६०८. मुलांनी हे हाताने काढावे, दहा मिनिटे लागतात. नंतर स्वतःचे मोजावे. सिग्नलपासून जवळच्या फुटपाथवर उभे राहून दर दहा सेकंदांत किती रिक्षा गेल्या याच्या शंभर नोंदी घेतल्या तर व्हेरियन्स सरासरीच्या कितीतरी वर जाईल, कारण सिग्नल रिक्षांना गठ्ठ्याने सोडतो. तो गठ्ठा विस्कटून जातो अशा लांबच्या, मोकळ्या रस्त्यावर दोन्ही आकडे जवळ येतील. पॉयसन कधी लागू पडत नाही हे शिकवायला याहून स्वस्त प्रयोगशाळा मुंबईत नाही.

संतत चलाबद्दल (ज्याची किंमत दोन मर्यादांमधली कोणतीही असू शकते) थोडक्यात, कारण तिथला गोंधळ एकाच गोष्टीचा आहे: घनता, म्हणजे आलेखाची उंची, ही संभाव्यता नव्हे; संभाव्यता त्याखालच्या क्षेत्रफळात असते. लोकल बरोबर दर ६ मिनिटांनी येते आणि प्रवासी वेळापत्रक न पाहता फलाटावर येतो असे धरा. क्ष = गाडी येईपर्यंतची प्रतीक्षा, मिनिटांत, ० ते ६. घनता सगळीकडे १/६, सरासरी ३ मिनिटे. बरोबर ३ मिनिटे थांबावे लागण्याची संभाव्यता १/६ नाही, शून्य आहे. २ ते ४ मिनिटांच्या दरम्यानची २/६. हाच चल तासांत मोजला तर किमती ० ते ०.१ आणि घनता १०. 'संभाव्यता १० कशी?' असा प्रश्न वर्गात उठलाच पाहिजे. क्षेत्रफळ १० × ०.१ = १ आहे आणि अट क्षेत्रफळावर आहे, उंचीवर नाही. एकक पहिल्या ओळीत लिहा असे वर म्हटले ते यासाठी.

गाड्यांमधले अंतर आलटून पालटून २ आणि १० मिनिटे असेल तर? सरासरी अंतर ६ च, तासाला गाड्याही तितक्याच. पण प्रवासी मोठ्या अंतरात सापडण्याची संभाव्यता १०/१२, आणि तिथे सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. लहान अंतरात सापडण्याची २/१२, तिथे १ मिनिट. एकूण सरासरी ५२/१२, म्हणजे ४ मिनिटे २० सेकंद. रेल्वे 'दर सहा मिनिटांना गाडी' म्हणते तेही खरे आणि प्रवासी 'तीन मिनिटांत कधी मिळते?' म्हणतो तेही. एकाचा चल गाड्यांमधले अंतर आहे, दुसऱ्याचा स्वतःची प्रतीक्षा.

राज्य मंडळाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती अशी की बायनॉमियलच्या प्रत्येक उदाहरणात चलाची व्याख्या लिहिण्याला स्वतंत्र एक गुण ठेवावा, आणि दरवर्षी एक तरी दोन गुणांचा प्रश्न आकडेमोडीशिवाय असावा. नमुना देतो. पुढील चलांपैकी बायनॉमियल कोणता, आणि बाकीच्यांत कोणती अट मोडते ते एकेका ओळीत लिहा: फासा २० वेळा टाकताना आलेल्या सहांची संख्या, पहिला सहा येईपर्यंत टाकलेल्या फाशांची संख्या, ५२ पत्त्यांतून परत न ठेवता काढलेल्या ५ पत्त्यांतील एक्क्यांची संख्या, एकाच इमारतीतल्या १० घरांपैकी एखाद्या संध्याकाळी वीज गेलेल्या घरांची संख्या.

आपले,
बारावीला गणित व संख्याशास्त्र शिकवणारे काही शिक्षक, दादर, मुंबई